क्यू येतो तरी कुठून? संमिश्र सिग्नल, उणे फ्रिक्वेन्सी आणि रेकॉर्डिंगमध्ये जोडीने दिसणारी स्टेशनं

नवा_श्रोता | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. महिनाभरापासून यूएसबीत बसणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल आकड्यांत बदलून संगणकाला देणारा छोटा रिसीव्हर) वापरतोय. तयार सॉफ्टवेअरमध्ये एफएम छान ऐकू येतं, पण आतलं समजून घ्यायचं म्हणून कच्चं रेकॉर्डिंग करून पायथनमध्ये स्वतः उलगडायला घेतलं आणि दोन ठिकाणी अडकलो.

पहिली अडचण समजुतीची. फाइलमध्ये एक बाइट आयचा, एक क्यूचा, पुन्हा आयचा, पुन्हा क्यूचा असं चालतं. सगळीकडे लिहिलेलं सापडतं की आय म्हणजे वास्तव भाग आणि क्यू म्हणजे काल्पनिक भाग. पण अँटेनाला तार एकच आहे. त्या तारेवर एका क्षणाला एकच व्होल्टेज असतं. मग हा दुसरा आकडा येतो कुठून? तो मोजलेला असतो की गणिताने बनवलेला? आणि स्पेक्ट्रममध्ये शून्याच्या डावीकडे उणे फ्रिक्वेन्सी दिसते, ती खरी असते का?

दुसरी अडचण रेकॉर्डिंगची. सेकंदाला २४ लाख सॅम्पल, म्हणजे आय-क्यूच्या २४ लाख जोड्या, या वेगाने ३० सेकंद रेकॉर्ड केलं. साध्या रेडिओवर पडताळून पाहिलं की रेकॉर्ड केलेल्या पट्ट्यात तीन जोरदार स्टेशनं आहेत. माझ्या आलेखात मात्र सहा दिसतात. मधल्या रेषेत आरसा उभा केल्यासारखी, डावीकडे एक तर उजवीकडे एक. तयार सॉफ्टवेअरमध्ये तीनच दिसतात, त्यामुळे चूक माझीच असणार. पण कुठे, ते सापडत नाही.

---

जुना_ट्रान्झिस्टर | शुक्रवार, रात्री ९:५०

आरशातली स्टेशनं म्हणजे इमेज. आय आणि क्यू या दोन वाटा एकसारख्या नसल्या की ती येतेच. एकीत थोडं जास्त अँप्लिफिकेशन, नाहीतर दोघींमध्ये नेमका ९० अंशांचा फरक नाही. आधी तिकडे बघा. सविस्तर उद्या लिहितो.

---

तरंगिणी | शुक्रवार, रात्री ११:०५

नवा_श्रोता, "तार एकच आहे" हा तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. तो सुटला की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सायकल स्टँडवर उभी करा आणि कुणाला तरी हाताने पेडल फिरवायला सांगा. तुम्ही बरोबर मागे जाऊन बसा. तुम्हाला पेडल फक्त वर-खाली होताना दिसेल. किती उंच जातं ते कळेल, मिनिटाला किती फेरे होतात तेही मोजता येईल. पण पेडल पुढच्या दिशेने फिरतंय की उलटं, ते काही केल्या सांगता येणार नाही. आता दुसरा माणूस वरून पाहतोय. त्याला ते पुढे-मागे होताना दिसतं. त्याच्या एकट्याच्या नजरेलाही दिशा कळत नाही. दोघांनी एकाच क्षणी आपापली नोंद सांगितली की मात्र पेडल नेमकं कुठे आहे आणि कुठल्या बाजूला चाललंय, दोन्ही कळतं. तुमची नोंद म्हणजे आय, वरच्या माणसाची क्यू.

आता अँटेना. क्यू अँटेनाच्या तारेवर वेगळा नसतोच, तुमचं बरोबर आहे. तो रिसीव्हरमध्ये तयार होतो. तुम्ही एखादी फ्रिक्वेन्सी लावता तेव्हा रिसीव्हरचा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लाट बनवणारा भाग, तेवढ्या वेगाने फिरू लागतो. आलेल्या सिग्नलच्या दोन प्रती करून एकीला ऑसिलेटरच्या कोसाइनने गुणायचं आणि दुसरीला त्याच्याच उणे साइनने, म्हणजे पाव फेरा सरकवलेल्या लाटेने. दोन्हीकडे फिल्टर लावून वरच्या फ्रिक्वेन्सी गाळून टाकायच्या. पहिल्या वाटेने उरतो तो आय, दुसऱ्या वाटेने क्यू. तार एक, सिग्नल एक, पण त्याची तुलना दोन मोजपट्ट्यांशी केली. म्हणजे क्यू मोजलेलाच असतो, फक्त दुसऱ्या जागेवरून.

कागदावर करून पाहण्यासारखं उदाहरण देते. स्टेशन ऑसिलेटरच्या वर आहे आणि अंतर सॅम्पलिंगच्या वेगाच्या बरोबर पाव आहे असं धरा. लागोपाठ चार सॅम्पल अशी येतील:

आय: १, ०, −१, ०
क्यू: ०, १, ०, −१

आता स्टेशन तेवढ्याच अंतरावर, पण ऑसिलेटरच्या खाली:

आय: १, ०, −१, ०
क्यू: ०, −१, ०, १

आयच्या दोन ओळी एकमेकींवर ठेवा. काडीचा फरक नाही. सगळा फरक क्यूमध्ये आहे. पहिल्यात बिंदू घड्याळाच्या उलट फिरतो, दुसऱ्यात घड्याळाप्रमाणे. उणे फ्रिक्वेन्सी म्हणजे एवढंच: ऑसिलेटरच्या मानाने उलट्या दिशेचं फिरणं. तुमच्या आलेखावरचा शून्य हा तुम्ही लावलेल्या फ्रिक्वेन्सीचा शून्य आहे. त्याच्या डावीकडचं स्टेशन हवेत पूर्णपणे धन फ्रिक्वेन्सीवरच आहे, फक्त तुमच्या ऑसिलेटरपेक्षा मागे पडतं, म्हणून उलटं फिरताना दिसतं.

हे ध्यानात घेऊन एक विचारते: फाइल वाचताना चुकून नुसता आय तर घेत नाही ना? तसं केलं तर प्रत्येक स्टेशन दोन्हीकडे सारख्याच जोराने दिसेल.

---

नवा_श्रोता | शनिवार, सकाळी ७:३०

तरंगिणीताई, चार आकड्यांचं उदाहरण वहीत उतरवून काढलं. आयच्या दोन ओळी सारख्या आल्या तेव्हा पहिल्यांदा खरंच उमगलं. इतके दिवस क्यू म्हणजे "जादा माहिती" समजत होतो, त्यात दिशा लपलेली आहे हे डोक्यात नव्हतं.

नुसता आय घेत नाही, हे तपासलं. सम क्रमांकाचे बाइट आयमध्ये, विषम क्रमांकाचे क्यूमध्ये, प्रत्येकातून १२७.५ वजा करतो, कारण हे बाइट ० ते २५५ असे येतात आणि मध्य तिथे आहे. मग आय अधिक जे गुणिले क्यू (जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ). ते करूनही सहा स्टेशनं.

---

कर्णरेषा | शनिवार, सकाळी १०:१५

शब्दाबद्दल थोडं लिहावंसं वाटतं, कारण गणित शिकवताना इथेच मुलं घाबरतात. कॉम्प्लेक्स म्हटलं की "गुंतागुंतीचं" असा अर्थ मनात बसतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतला शब्द जास्त नेमका आहे: संमिश्र. दोन घटक एकत्र बांधलेले. संमिश्र सिग्नल गुंतागुंतीचा नसतो, तो दोन तोंडी असतो. उलट एकट्या वास्तव सिग्नलमध्येच गुंता जास्त. साधी कोसाइन लाट म्हणजे एकाच वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन बिंदूंची बेरीज. म्हणून वास्तव सिग्नलचा स्पेक्ट्रम नेहमी शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. एक फिरता बिंदू हा त्याहून साधा.

"काल्पनिक" या नावाने तर फारच नुकसान केलंय. जेने गुणणे म्हणजे पाव फेरा वळवणे, बस. (३, ४) या बिंदूला जेने गुणलं की (−४, ३) मिळतो. आलेखाच्या कागदावर दोन्ही बिंदू मांडून आरंभबिंदूशी जोडा, काटकोन दिसेल. पुन्हा गुणा, (−३, −४). दोनदा पाव फेरा म्हणजे अर्धा फेरा, म्हणून जेचा वर्ग उणे एक. यात कल्पनेचा भाग कुठे आहे? आणि गणितातल्या आय (i) या अक्षराऐवजी जे (j) का, तर विजेच्या शास्त्रात आय हे अक्षर आधीच करंटला दिलेलं होतं. एसी सर्किटची गणितं संमिश्र संख्यांनी करण्याची रीत स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये मांडली, आणि वास्तव सिग्नलला जोडीदार देऊन त्याची एकच बाजू ठेवण्याची कल्पना गॅबोर यांनी १९४६ मध्ये. डिजिटल रेडिओच्या आधीपासूनचं हे सगळं आहे.

---

शून्य_एक | शनिवार, दुपारी १२:४०

कर्णरेषा, आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. मी हे सगळं सी मध्ये लिहितो आणि तिथे संमिश्र वगैरे काही नसतं, दोन अ‍ॅरे असतात. एकात आय, एकात क्यू. फिल्टर लावायचा तर दोघांना वेगवेगळा लावतो, उत्तर बरोबर येतं. नव्या माणसाला आधी "दोन अ‍ॅरे" म्हणून शिकवलं तर तो घाबरणार नाही. संमिश्र ही फक्त लिहिण्याची सोय आहे.

---

कर्णरेषा | शनिवार, दुपारी १:२५

वास्तव गुणकांचा फिल्टर लावेपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. दोन अ‍ॅरे एकमेकांशी बोलतही नाहीत. पण शून्यापासून १०० किलोहर्ट्झवर बसलेलं स्टेशन मध्यावर आणायचं झालं की काय कराल? दोन्ही अ‍ॅरेंना १०० किलोहर्ट्झच्या कोसाइनने गुणलंत तर प्रत्येक स्टेशनाचे दोन तुकडे होतात. एक १०० ने खाली जातं, एक १०० ने वर. कोसाइनमध्ये दोन्ही दिशांचं फिरणं आहे ना! एकाच बाजूला सरकवायचं तर फिरत्या बिंदूने गुणावं लागतं, आणि तिथे दोन अ‍ॅरे एकमेकांत मिसळतात:

नवा आय = आय × कोसाइन + क्यू × साइन
नवा क्यू = क्यू × कोसाइन − आय × साइन

चार गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी. तुमच्या सी प्रोग्राममध्येही हेच असणार. हा मिसळण्याचा नियम म्हणजेच संमिश्र गुणाकार. तो नसेल तर खरोखर नुसते दोन अ‍ॅरे उरतात.

एफएमचं उदाहरण तर मला फार आवडतं. एफएममध्ये आवाज असतो फ्रिक्वेन्सीच्या चढउतारात, म्हणजे बिंदू किती झपाट्याने फिरतो त्यात. मग लागोपाठच्या दोन सॅम्पलमधला कोन काढला की झालं. आधीचं सॅम्पल (०.८, ०.६), आताचं (०.६, ०.८). आधीच्याचा अनुबद्ध घ्यायचा, म्हणजे त्याच्या क्यूचं चिन्ह उलटं करायचं, आणि आताच्याला त्याने गुणायचं:

आय: ०.६ × ०.८ + ०.८ × ०.६ = ०.९६
क्यू: ०.८ × ०.८ − ०.६ × ०.६ = ०.२८

या (०.९६, ०.२८) चा कोन १६.२६ अंश. सॅम्पलिंग सेकंदाला २,४०,००० असेल तर १६.२६ भागिले ३६० गुणिले २,४०,०००, म्हणजे त्या क्षणी सिग्नल मध्यापासून सुमारे १०.८ किलोहर्ट्झ वर आहे. पुढच्या जोडीला पुन्हा हेच. आलेल्या आकड्यांची माळ म्हणजे स्टुडिओत बोलणाऱ्याचा आवाज. प्रसारणाचं एफएम मध्यापासून जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ सरकतं. या वेगाला त्याचा कोन होतो ११२.५ अंश. १८० च्या आत आहे, म्हणून दिशेचा घोळ होत नाही.

---

शून्य_एक | शनिवार, दुपारी १:५०

हे मान्य. माझ्या कोडमध्ये अगदी हीच ओळ आहे, मी तिला नाव दिलं नव्हतं एवढंच.

---

जुना_ट्रान्झिस्टर | शनिवार, दुपारी ४:००

काल म्हटल्याप्रमाणे इमेजबद्दल लिहितो.

पूर्वी मी सिंगल साइडबँडचा, म्हणजे मध्याच्या एकाच बाजूचा सिग्नल ऐकवणारा, रिसीव्हर हाताने बांधला होता. दोन मिक्सर, ऑसिलेटरला पाव फेरा सरकवणारं जाळं, पुढे आवाजाच्या पट्ट्यात ९० अंश सरकवणारं दुसरं जाळं, आणि शेवटी बेरीज. वरची साइडबँड जुळते, खालची एकमेकांना खाऊन टाकते. रेझिस्टरचा अख्खा डबा घेऊन एकेक मीटरवर मोजत बसलो होतो, जोड्या जुळवायला. सगळं जोडून हेडफोन लावला तर हवी ती साइडबँड गायब आणि नको ती खणखणीत. मिक्सरकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. आय-क्यू उलटे झाले की बिंदू उलटा फिरतो, डावं-उजवं बदलतं. दोन तारांत एवढी ताकद आहे हे त्या दिवशी हाताला कळलं.

जुळणी किती लागते त्याचा अंदाज देतो. दोन वाटांमध्ये एक अंशाची चूक असेल तर इमेज मूळ सिग्नलच्या सुमारे ४१ डेसिबल खाली राहते. अँप्लिट्यूडमध्ये एक टक्का चूक असेल तर ४६ डेसिबल खाली. दहा टक्के असेल तरी २६ डेसिबल खाली. नवा_श्रोता, तुमच्या आरशातल्या प्रतिमा किती खाली आहेत ते मोजून सांगा. २६ पेक्षा कमी येत असेल तर दोष सुट्या भागांच्या जुळणीचा नाही, काहीतरी मोठंच बिघडलंय.

---

तरंगिणी | शनिवार, दुपारी ४:३५

ट्रान्झिस्टरकाका, त्यात एक भर. आजच्या बऱ्याच डोंगलमध्ये आर८२०टी जातीचा ट्यूनर (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) असतो. तो सिग्नल थेट शून्यावर न आणता काही मेगाहर्ट्झवर आणून एकाच तारेने पुढच्या आरटीएल२८३२यू चिपला देतो. चिप तो २८.८ मेगाहर्ट्झने सॅम्पल करते आणि आय-क्यूचं विभाजन त्यानंतर आकड्यांत होतं. कोसाइन आणि साइन तिथे तक्त्यातून येतात, त्यांच्यातला ९० अंश हलत नाही. जुन्या ई४००० ट्यूनरमध्ये मात्र दोन्ही वाटा अ‍ॅनालॉग होत्या. तेव्हा डोंगल आर८२०टीचा असेल तर जुळणीचा संशय जवळजवळ सोडून द्यायला हरकत नाही.

---

मध्यलहर | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मध्येच विचारतो, क्षमस्व. सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेऊन २.४ मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा दिसतो. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे सॅम्पलिंगच्या वेगाच्या निम्माच पट्टा, १.२, दिसायला हवा ना? आम्ही कॉलेजात तेच घोकलं होतं.

---

तरंगिणी | शनिवार, संध्याकाळी ६:४०

घोकलेलं बरोबरच आहे. एका संमिश्र सॅम्पलमध्ये दोन आकडे असतात, म्हणजे सेकंदाला ४८ लाख आकडे येतात. उणे १.२ ते अधिक १.२ या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात त्या या दुसऱ्या आकड्याच्या बळावर. फाइलच्या आकारातही ते दिसतं: ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग १४.४ कोटी बाइटचं भरतं.

---

नवा_श्रोता | शनिवार, रात्री १०:२०

काकांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप घेतलं आणि मला आणखीच चक्रावल्यासारखं झालं. सगळी स्टेशनं सारखी वागत नाहीत! डोंगलमध्ये आर८२०टीच आहे. आकडे मध्यापासूनच्या अंतराचे देतो:

पहिलं स्टेशन असायला हवं अधिक १०० किलोहर्ट्झवर. दिसतं उणे १०० वर, जोरात. खऱ्या जागी त्याची पुसट सावली आहे, १७-१८ डेसिबल खाली.

दुसरं असायला हवं अधिक ६०० वर. ते अधिक ६०० आणि उणे ६०० अशा दोन्हीकडे आहे, अगदी सारख्या जोराने.

तिसरं असायला हवं उणे १००० वर, आणि ते बरोबर तिथेच आहे. अधिक १००० वर सावली, ११ डेसिबलच्या आसपास खाली.

म्हणजे एक उलटं, एक दोन्हीकडे आणि एक सुलटं. आय-क्यूची अदलाबदल झाली असती तर तिन्ही उलटी झाली असती ना?

---

शून्य_एक | शनिवार, रात्री १०:५५

सापडलं बहुतेक! हे आकडे फार बोलके आहेत. फाइल पहिल्या बाइटपासून वाचता का? की सुरुवातीचा काही भाग सोडून देता?

---

नवा_श्रोता | शनिवार, रात्री ११:०२

सोडतो. सुरुवातीला ट्यूनर स्थिरावेपर्यंत आलेख हलतो म्हणून आधी टेल कमांडने (फाइलचा शेवटचा भाग काढून देणारी) सुरुवातीचा भाग कापून नवी फाइल केली. कमांडला दहा लाख हा आकडा दिला होता. दहा लाख तर सम आहे, जोडी फुटायला नको.

---

शून्य_एक | शनिवार, रात्री ११:३०

तिथेच आहे. टेलला अधिक चिन्हासह दहा लाख दिले की ती दहा लाखाव्या बाइटपासून पुढे देते. म्हणजे सुटतात ९,९९,९९९. विषम! तुमच्या नव्या फाइलचा पहिला बाइट क्यूचा आहे. तुम्ही क्यूला आय समजून वाचताय, आणि त्याच्या जोडीला येतोय पुढच्या सॅम्पलचा आय.

म्हणजे दोन गोष्टी एकदम झाल्या. आय-क्यूची अदलाबदल, आणि वर दोघांमध्ये एका सॅम्पलचं अंतर. अदलाबदल सगळ्यांना सारखी उलटवते. पण एका सॅम्पलच्या अंतराचा परिणाम स्टेशन मध्यापासून किती दूर आहे त्यावर ठरतो, कारण तेवढ्या वेळात दूरचा बिंदू जास्त फिरतो.

अधिक १०० किलोहर्ट्झचा बिंदू एका सॅम्पलमध्ये फक्त १५ अंश फिरतो. अंतर जाणवतच नाही, अदलाबदल तेवढी दिसते, म्हणून स्टेशन उलटं.

अधिक ६०० म्हणजे २४०० चा बरोबर पाव. तिथे बिंदू एका सॅम्पलमध्ये ९० अंश फिरतो. तरंगिणीताईंच्या चार आकड्यांवर करून बघा. मूळ जोड्या (१, ०), (०, १), (−१, ०), (०, −१). एक बाइट सोडून वाचा: (०, ०), (१, −१), (०, ०), (−१, १). बिंदू फिरतच नाही, एका तिरक्या रेषेवर मागेपुढे करतो. दिशाच उरली नाही, म्हणून दोन्हीकडे सारखा जोर.

उणे १००० ला एका सॅम्पलमध्ये १५० अंश. जवळजवळ अर्धा फेरा. अदलाबदलीने उलटलेली दिशा या अर्ध्या फेऱ्याने पुन्हा सुलटते, म्हणून स्टेशन जागेवर आणि सावली पुसट.

सूत्रही सोपं निघतं. एका सॅम्पलमधल्या कोनाचा अर्धा घ्या. त्याचा साइन म्हणजे खऱ्या जागेवरचा जोर, कोसाइन म्हणजे आरशातला. १५ अंशांना फरक येतो १७.६ डेसिबल, १५० अंशांना ११.४. तुम्ही मोजलेलेच आकडे.

---

जुना_ट्रान्झिस्टर | रविवार, सकाळी ६:४५

वा! जुळणीची चूक सगळ्या स्टेशनांना जवळपास सारखी त्रास देते, वेळेची चूक अंतराप्रमाणे वाढते. शून्य_एक, हा फरक आमच्या काळी कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितला असता तर कित्येक रात्री वाचल्या असत्या.

---

नवा_श्रोता | रविवार, सकाळी ९:१०

मूळ फाइल घेतली, पायथनमध्येच बरोबर दहा लाख बाइट सोडले, आलेख काढला. तीन स्टेशनं. तिन्ही आपापल्या जागी. शून्य_एक, तरंगिणीताई, कर्णरेषा, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री झोप लागली नाही, कागदावर ती तिरकी रेषा पुन्हा पुन्हा काढत बसलो होतो.

एक शंका राहिली. चुकीच्या फाइलमधलं उणे १०० वरचं स्टेशन मी मध्यावर आणून, बाकीचं गाळून, कर्णरेषांच्या रीतीने उलगडून ऐकलं होतं. आवाज स्वच्छ होता. दिशा उलटी असताना तो बिघडला का नाही?

---

तरंगिणी | रविवार, सकाळी १०:००

दिशा उलटली की प्रत्येक कोनाचं चिन्ह बदलतं. १६ अंशांच्या जागी उणे १६. म्हणजे आवाजाची लाट वरची खाली झाली. स्पीकरचा पडदा बाहेर येण्याऐवजी आत जाईल, आणि कानाला त्यातला फरक कळत नाही. म्हणून एफएमने तुमची चूक पोटात घातली.

डिजिटल प्रसारण ती पोटात घालणार नाही. डीएबी या डिजिटल रेडिओ प्रसारणाचं घ्या. त्यात १.५३६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकेक किलोहर्ट्झच्या अंतराने १५३६ कॅरियर (वाहक लाटा) असतात आणि प्रत्येकावर लागोपाठच्या दोन सिम्बॉलमधल्या (सिग्नलच्या ठरावीक वेळाच्या तुकड्यांमधल्या) कोनाच्या फरकात दोन बिट भरलेले असतात. तो फरक काढायची रीत कर्णरेषांनी एफएमसाठी दाखवली तीच: आताच्याला आधीच्याच्या अनुबद्धाने गुणायचं. फरकच मोजायचा असल्याने रिसीव्हरला मूळ कोन माहीत असावा लागत नाही, ही त्यातली सुंदर गोष्ट. पण स्पेक्ट्रम उलटा झाला की पहिल्या कॅरियरच्या जागी शेवटचा येतो आणि प्रत्येक कोनाचं चिन्हही फिरतं. बिट भलतेच निघतात, आवाज येतच नाही.

---

मध्यलहर | रविवार, सकाळी ११:२०

आणि ज्या पद्धतींत कोनाचा फरक नाही, खुद्द कोनच वाचायचा असतो तिथे? मी मध्यलहरीवरच्या डीआरएम या डिजिटल प्रसारणाच्या मागे आहे. त्यात क्यूएएम असतं, म्हणजे आय-क्यूच्या आलेखावर बिंदू कुठे पडतो त्यावरून बिट ठरतात. माझ्या आलेखात चौकटीत बसायला हवेत ते ठिपके गोल गोल फिरून वर्तुळं काढतात.

---

कर्णरेषा | रविवार, दुपारी १२:०५

म्हणजे तुमचा ऑसिलेटर प्रसारकाच्या ऑसिलेटरशी नेमका जुळलेला नाही. १ मेगाहर्ट्झवर दहा लाखांत २० ची चूक असेल तर २० हर्ट्झ होते. सेकंदाला वीस फेरे. अख्खी चौकट तेवढ्या वेगाने फिरते आणि ठिपक्यांची वर्तुळं होतात. तेवढ्याच वेगाने उलट्या दिशेला फिरवलीत की ती थांबेल, वर दिलेला चार गुणाकारांचाच नियम. किती फिरवायचं ते सिग्नलच सांगतो: डीआरएममध्ये ठरावीक जागी आधीपासून ठाऊक असलेले पायलट पाठवलेले असतात. पायलट आत्ता कुठल्या कोनावर आला आणि कुठल्या कोनावर यायला हवा होता, हा फरक सिम्बॉलमागून सिम्बॉल पाहत जा. फरक एकाच चालीने वाढत असेल तर ती तुमची फ्रिक्वेन्सीची चूक. आलेख टाका इथे, मिळून पाहू.

---

नवा_श्रोता | रविवार, दुपारी १२:३०

मीही पाहतोय या धाग्यावर. तोवर डीएबीसाठी सेकंदाला २०,४८,००० सॅम्पलने रेकॉर्डिंग लावलंय. तिथे एका सिम्बॉलच्या कामाच्या भागाचा वेळ १ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर २०४८ सॅम्पल पडतात. या वेळी फाइल कापली नाही, पहिल्या बाइटपासून वाचतोय.